शेजारशेजारची शहरे, एकच प्राणीनिवारा आणि वाट्याचा हिशेब

पूर्वतीर (धागाकर्ता)

आमच्या कुत्रीच्या परवान्याचे नूतनीकरण करण्याचे पत्र दर वर्षी येते आणि दर वर्षी घरात तोच प्रश्न निघतो, की हे पैसे नेमके जातात कुठे. या वेळी त्याचा छडा लावायचे ठरवून मी तीन संध्याकाळी शहराच्या अंदाजपत्रकात आणि जुन्या करारांत घालवल्या. हाती लागलेला हिशेब इतका गुंतागुंतीचा निघाला, की तो एकट्याने वाचण्यापेक्षा इथे मांडावा असे वाटले.

आमचे सॅमॅमिश शहर सिएटलच्या पूर्वेला, वॉशिंग्टन राज्यातील किंग काउंटीत आहे. आपल्याकडचा जिल्हा आणि जिल्हा परिषद एकत्र केल्यासारखी ही काउंटी नावाची संस्था असते. इथे कुत्रा किंवा मांजर पाळणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. निर्बीजीकरण झालेल्या प्राण्यासाठी अनेक वर्षे ३० डॉलर आणि न झालेल्यासाठी ६० डॉलर असे शुल्क होते. बिल्ला काउंटीचा, हरवलेले कुत्रे ठेवण्याची जागा अर्ध्या-पाऊण तासावरच्या केंट शहरात, आणि शुल्काची रक्कम मात्र हिशेबात आमच्या शहराच्या नावे जमा, अशी ही रचना आहे.

पूर्वी हे इतके काटेकोर नव्हते. काउंटी शहरांसाठी कुत्री पकडण्याचे आणि सांभाळण्याचे काम करी आणि त्या शहरांतल्या परवान्यांचे शुल्क स्वतःकडे ठेवी. त्यात खर्च भागत नसे आणि तूट काउंटीच्या सर्वसाधारण निधीतून भरली जाई. पुढे केंटच्या निवाऱ्यातील प्राण्यांच्या हालांवर कडक टीका झाली, २००९ मध्ये हॉवर्ड हॅन्सन धरणाच्या पाझरामुळे ग्रीन नदीच्या खोऱ्यातल्या त्या निवाऱ्यावर पुराचे सावट आले, आणि मंदीने तिजोरी आटली ती निराळीच. अखेर काउंटीने शहरांना सांगितले, की यापुढे खर्चाचा वाटा उचला, नाहीतर आपापली सोय पाहा. त्यातून १ जुलै २०१० पासून ‘रीजनल ॲनिमल सर्व्हिसेस ऑफ किंग काउंटी’ ही व्यवस्था सुरू झाली. राज्याच्या १९६७ च्या आंतरस्थानिक सहकार्य कायद्याच्या आधारे झालेला हा करार आहे. सिएटल त्यात नाही. त्याचा निवारा स्वतंत्र आहे.

वाटणीचे तत्त्व असे. एकूण खर्चाचे तीन भाग करायचे: रस्त्यावरचे अधिकारी आणि तक्रारी, निवारा, आणि परवाने. प्रत्येक भागातला शहराचा वाटा काही अंशी लोकसंख्येवरून आणि काही अंशी वापरावरून ठरवायचा, म्हणजे त्या शहरातून किती तक्रारी आल्या, किती प्राणी निवाऱ्यात आले आणि किती परवाने दिले गेले यावरून. मग त्या शहरातल्या रहिवाशांनी भरलेले परवानाशुल्क त्यातून वजा करायचे. पहिल्या करारात लोकसंख्या आणि वापर यांना निम्मे-निम्मे वजन होते. २०१३ च्या करारात ते २० टक्के लोकसंख्या आणि ८० टक्के वापर असे झाले. वर्षाच्या आरंभी अंदाज बांधायचा आणि नंतर प्रत्यक्षाशी मेळ घालायचा, हेही करारातच आहे.

कागदावर हे न्याय्य दिसते, पण या एका बदलाने कोणाचे किती बदलले हे पाहिल्यावर मी थोडा अस्वस्थ झालो, कारण फायदा झालेल्यांत माझेच शहर आहे. सामाईक निवाऱ्याचा खर्च माणशी वाटावा, प्राण्यामागे वाटावा, की आणखी कशावरून?

---

जमाखर्च

धागाकर्त्यांनी सूत्र दिले, आकडे दिले नाहीत, म्हणून काल्पनिक आकडे घेऊन गणित करून पाहू. समजा तीन गावे आहेत. ‘अ’ची वस्ती ६०,०००, ‘ब’ची ३०,००० आणि ‘क’ची १०,०००. निवाऱ्यात वर्षाला ५०० प्राणी येतात. त्यांतले १०० ‘अ’मधून, ३०० ‘ब’मधून आणि १०० ‘क’मधून. एकूण खर्च १० लाख डॉलर.

निम्मे-निम्मे सूत्र लावले तर ‘अ’च्या वाट्याला ४ लाख, ‘ब’च्या ४.५ लाख आणि ‘क’च्या १.५ लाख येतात. २०-८० लावले तर तेच आकडे २.८, ५.४ आणि १.८ लाख होतात. आता परवान्यांची वजावट घ्या. ‘अ’ हे सुस्थितीतले गाव आहे, लोक पत्र आले की निमूटपणे शुल्क भरतात, म्हणून त्याचे २ लाख जमा होतात. ‘ब’चे ९० हजार आणि ‘क’चे ३० हजार. नव्या सूत्राने ‘अ’ला निव्वळ ८० हजार भरायचे आहेत, म्हणजे माणशी सव्वा डॉलरच्या थोडे वर. ‘ब’ला ४.५ लाख, म्हणजे माणशी १५ डॉलर. जुन्या सूत्रात हेच आकडे माणशी सव्वातीन डॉलरच्या आसपास आणि १२ डॉलर असे होते.

माझ्या मते भांडणाचे खरे मूळ टक्केवारीपेक्षा वजावटीत आहे. ज्या गावात प्राणी कमी सुटतात तिथेच परवानेही जास्त काढले जातात, त्यामुळे एकाच सुबत्तेचा लाभ त्या गावाला दोनदा मिळतो. परवानाशुल्क गावागावांच्या नावे न टाकता आधी एकूण खर्चातून वजा केले आणि उरलेली तूट वाटली, तर हा दुहेरी लाभ नाहीसा होईल. अर्थात मग परवाने काढून घेण्यासाठी धडपड करण्याचे कोणत्याच गावाला कारण उरणार नाही, हा त्याचा तोटा आहे आणि तो लहान नाही.

---

दक्षिणखोरे

मी ‘ब’ गावात राहतो असे समजा. सॅमॅमिशच्या मानाने आमच्याकडे भाड्याच्या घरांत राहणारे पुष्कळ आहेत. घरमालक कुत्रा ठेवू देत नाही, घर बदलावे लागते, आणि मग तो कुत्रा निवाऱ्याच्या दारात येतो. हा ‘वापर’ आमच्या नगरपालिकेने केलेला नाही. प्रदेशभरातल्या घरभाड्यांनी केलेला आहे. निर्बीजीकरणाची स्वस्त सोय नसलेल्या वस्तीत पिल्ले जास्त होतात, हेही तसेच.

शिवाय प्राणी कोठे ‘सापडला’ यावरून तो कोणाचा हे ठरते. हमरस्त्याकडेला गाडीतून सोडून दिलेले कुत्रे ज्या गावाच्या हद्दीत उतरवले जाते त्या गावाच्या खात्यावर पडते, सोडणारा कोठलाही असो. करार करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे मी म्हणणार नाही. ज्या शहरांचा निव्वळ बोजा फार वाढत होता त्यांना काउंटीने आपल्या निधीतून संक्रमणकालीन सूट दिली होती, आणि तिच्याशिवाय हा करार झालाच नसता अशी माझी समजूत आहे. तरीही ऑबर्नने २०१२ च्या अखेरीस वेगळी वाट धरली आणि २०१३ पासून तिथे स्थानिक संस्थेमार्फत स्वतंत्र निवारा चालू झाला. कर्कलंडही २०१८ मध्ये बाहेर पडले. म्हणजे दक्षिणेचे गावही गेले आणि उत्तरेचे सुस्थितीतले गावही गेले. हिशेब दोघांनाही पटला नाही, कारणे मात्र निराळी असणार.

---

पूर्वतीर (धागाकर्ता)

दक्षिणखोरे यांचा मुद्दा मान्य आहे. एक भर घालतो. उत्तरेकडची शोअरलाइन, केनमोर यांसारखी काही गावे आपले सापडलेले प्राणी केंटला न पाठवता लिनवुड येथील ‘पॉज’ या संस्थेकडे देत आणि तिला वेगळे पैसे मोजत. त्यामुळे केंटच्या निवाऱ्याच्या ‘वापरा’चा भाग त्यांच्यावर पडत नसे, लोकसंख्येचा भाग मात्र पडे. निवारा आपल्यासाठी उभा आहे, गरज पडली तर दार उघडे आहे, याचीही काही किंमत असते, हे तत्त्व त्यात मान्य केलेले दिसते. अग्निशामक दलाचा खर्च आपण घरी आग लागल्यावरच देत नाही.

---

खाडीकाठ

‘दार उघडे असण्याची किंमत’ न दिल्यास काय होते, याचे उदाहरण आमच्या सॅन फ्रान्सिस्को खाडीच्या भागात आहे. पालो आल्टोचा निवारा हा माउंटन व्ह्यू, लॉस अल्टोस आणि लॉस अल्टोस हिल्स या शेजाऱ्यांच्या भागीदारीवर चाले. निवारा पालो आल्टोचा, आणि बाकीचे आपापला वाटा देत. माउंटन व्ह्यूने २०११ मध्ये बाहेर पडण्याचे ठरवले आणि २०१२ मध्ये ते सांता क्लारा, कॅम्पबेल आणि मॉन्टे सेरिनो यांच्या ‘सिलिकॉन व्हॅली ॲनिमल कंट्रोल ऑथॉरिटी’त सामील झाले. सर्वांत मोठा भागीदार गेल्याबरोबर पालो आल्टोत निवारा बंद करून काम बाहेर देण्याची चर्चा सुरू झाली, नागरिकांनी विरोध केला, आणि अखेरीस २०१९ मध्ये तो चालवण्याचे काम एका स्वयंसेवी संस्थेकडे गेले.

जमाखर्च यांच्या उदाहरणात हे घालून पाहा. १० लाखांपैकी ८ लाख स्थिर खर्च आहे असे धरा: इमारत, पशुवैद्य, रात्रपाळी, गाड्या. ‘क’ निघून गेले. त्याचे १०० प्राणी येणार नाहीत, पण वाचतात ते फक्त ४० हजार. ‘क’ देत होते १ लाख ८० हजार. मधले १ लाख ४० हजार ‘अ’ आणि ‘ब’च्या अंगावर येतात: २०-८० च्या सूत्राने ‘अ’ २.८ वरून ३.२ लाखांवर आणि ‘ब’ ५.४ वरून ६.४ लाखांवर जाते. मग ‘ब’ही बाहेर पडण्याचा विचार करू लागते. म्हणून माझ्या दृष्टीने वाटणीच्या सूत्राइतकेच बाहेर पडण्याचे कलम महत्त्वाचे आहे: किती महिने आधी सूचना, आणि गेल्यानंतर किती वर्षे बांधकामाच्या हप्त्याचा वाटा.

बांधकाम हा तर स्वतंत्र विषय आहे. सॅन मटेओ काउंटीत कोयोट पॉइंटजवळ नवा निवारा बांधायचा ठरला, तेव्हा काउंटीने पैसा आधी उभा केला आणि २० शहरांनी आपापला वाटा ३० वर्षांत फेडायचा असे ठरले. इतकी वर्षे बांधून घेणारा करार झाला की रोजच्या खर्चावरची कुरबूर आपोआप कमी होते, कारण जाण्यासारखी जागा उरत नाही.

---

शल्यगृह

व्यवसायाने मी पशुवैद्य आहे, आणि या चर्चेत ‘एक प्राणी’ हे एकक कोणी तपासले नाही याचे आश्चर्य वाटते. मालक शोधत आला आणि त्याच संध्याकाळी घरी गेलेले कुत्रे हा एक प्राणी. उन्हाळ्यात खोक्यातून आलेली, बाटलीने दूध पाजावी लागणारी पाच पिल्ले हे पाच प्राणी. क्रूरतेच्या खटल्यातले, निकाल लागेपर्यंत महिनोन्महिने पिंजऱ्यात अडकून पडलेले कुत्रे हाही एकच प्राणी. खर्च तिघांचा सारखा कसा धरणार?

आवकेऐवजी मुक्कामाचे दिवस मोजावेत, असे मी सुचवीन. त्यातही गोम आहे. किती दिवस ठेवायचे हे पाठवणारे शहर ठरवत नाही, निवारा आणि कायदा ठरवतात. कॅलिफोर्नियाच्या १९९८ च्या हेडन कायद्याने मोकाट प्राण्याला ठेवण्याची किमान मुदत ७२ तासांवरून कामाचे सहा दिवस केली, आणि निवारा संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी उघडा राहत असेल तर चार दिवस. एका कायद्याने एका रात्रीत पिंजरे कमी पडू लागतात. दत्तक देण्याचे काम चांगले चालले तर दिवस घटतात, ढिले पडले तर वाढतात, आणि बिल मात्र शहराला. म्हणून मी तरी कायद्याने ठरलेल्या मुदतीपुरते दिवस शहराच्या नावे आणि त्यापुढचे दिवस सर्वांच्या सामाईक खात्यावर, अशी विभागणी करीन. खटल्यातल्या प्राण्यांचे खाते पहिल्यापासून वेगळे ठेवावे.

वापरावर बिल लावण्याचा आणखी एक परिणाम मी पाहिला आहे. एका ठिकाणी (नाव घेत नाही) नगरपालिकेचा माणूस सापडलेले मांजराचे पिल्लू घेऊन आलेल्या बाईंना सांगत होता, की ते जिथे होते तिथेच ठेवा, त्याची आई येईल. सल्ला मांजराच्या दृष्टीने कित्येकदा योग्यही असतो. पण तो मांजराकडे पाहून दिला जात होता की बिलाकडे, हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

---

उल्हासकाठ

मी बदलापूरला राहतो. हा सगळा हिशेब वाचताना वाटत राहिले, की आपल्याकडे यातला एक पाय मुळातच नाही. परवानाशुल्काचे उत्पन्न आपल्या बहुतेक नगरपालिकांत नावापुरते आहे, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याला मालकच नाही, तेव्हा वजावट कशातून करणार?

दुसरा फरक कायद्याचा. १० मार्च २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार निर्बीजीकरण आणि रेबीजची लस ही स्थानिक संस्थेची जबाबदारी आहे आणि उपचारानंतर कुत्रे जिथून उचलले तिथेच सोडायचे असते. म्हणजे आपल्याकडचे केंद्र हे मुक्कामाचे ठिकाण कमी आणि शस्त्रक्रियेचे जास्त. सर्वोच्च न्यायालयाच्या ११ ऑगस्ट २०२५ च्या आदेशाने दिल्ली आणि शेजारच्या नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामची कुत्री कायमची निवाऱ्यात नेण्याची भाषा झाली, २२ ऑगस्टला त्यात बदल होऊन लस दिलेली कुत्री परत सोडण्यास मुभा मिळाली, पण ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके अशा ठिकाणची कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा आणि तिथे परत सोडू नका असे सांगितले. त्यामुळे मुक्कामाचा खर्च आता आपल्याही दारात आला आहे. एवढ्या जागा प्रत्येक नगरपरिषद स्वतंत्रपणे कोठून आणणार?

अंबरनाथ, बदलापूर आणि उल्हासनगर यांची वस्ती एकमेकांत मिसळलेली आहे. कुत्र्याला हद्द कळत नाही आणि डॉग व्हॅनला मात्र कळते. एका बाजूने निर्बीजीकरण केले आणि रस्त्यापलीकडच्या शहराने केले नाही, तर दोन वर्षांनी पुन्हा पहिल्यासारखेच. घनकचऱ्यासाठी या तीन शहरांचा संयुक्त प्रकल्प वालिवलीला मंजूर झालेला आहे, मग कुत्र्यांसाठी का नाही? पाण्याच्या बाबतीत तर ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद ‘स्टेम’ या सामाईक पाणीपुरवठा कंपनीत एकत्र आहेतच. फरक इतकाच, की पाणी मीटरने मोजून मिळते.

---

जमाखर्च

उल्हासकाठ, आपल्या परिस्थितीत सूत्र सोपे होऊ शकते. शस्त्रक्रियेचा खर्च कुत्र्यामागे वेगळा काढता येतो, आणि आपल्याकडच्या निविदाही बहुधा कुत्र्यामागे दराच्याच असतात. तेव्हा तो भाग पूर्णपणे वापरावर टाका. जागा, शेड, पशुवैद्याचा पगार आणि रात्रीचा पहारेकरी हा भाग लोकसंख्येवर टाका. परवान्यांची वजावट नाही, म्हणून सुबत्तेचा दुहेरी लाभही नाही.

मात्र कुत्र्यामागे दर म्हटला, की कानाला खाच असलेले, म्हणजे आधीच निर्बीजीकरण झालेले, कुत्रे पुन्हा उचलून मोजले जाण्याचा धोका येतो. उचलल्याची आणि सोडल्याची जागा व तारीख नोंदवलेली वही तिन्ही शहरांना खुली असली पाहिजे.

---

दक्षिणखोरे

आणि ज्या शहराच्या हद्दीत केंद्र येईल त्याचा वाटा कमी करावा की नाही? दुर्गंधी, भुंकणे आणि गाड्यांची ये-जा तेच शहर सोसणार. केंटच्या रहिवाशाला हे विचारावेसे वाटणारच.

---

उल्हासकाठ

तो प्रश्न आमच्याकडे सर्वांत आधी येईल, कारण जागा द्यायला कोणीच तयार नसतो. माझ्या मते सूट वाट्यात देऊ नये; जागेचे भाडे म्हणून उघडपणे द्यावी, म्हणजे लेखापरीक्षणात दिसते.

एक अडचण मात्र मला सुटलेली नाही. थकबाकी राहिली तर काय? किंग काउंटीत काउंटी हा मोठा भागीदार आहे, तूट काही काळ तो सोसू शकतो. आमच्या तीन शहरांत तसा कोणी नाही. एका शहराने दोन हप्ते थकवले, तर त्याच्या हद्दीतली व्हॅन थांबवायची का? थांबवली तर त्याच शहरातली कुत्री सहा महिन्यांत उरलेल्या दोघांच्या हद्दीत येणार, आणि मग ती त्यांच्या खात्यावर मोजली जाणार.

---

खाडीकाठ

म्हणूनच काही ठिकाणी हप्ता आगाऊ घेतात. सहा महिन्यांची रक्कम आधी जमा असेल तर व्हॅन थांबवण्याची वेळ येण्याआधी बोलणी करायला सवड मिळते. त्यासाठी पहिल्या वर्षी प्रत्येकाला दीडपट रक्कम भरावी लागेल, आणि ती महासभेत मंजूर करून घेणे हे खरे अवघड काम आहे.

---

पूर्वतीर (धागाकर्ता)

उल्हासकाठ, आपण म्हणता तो मोठा भागीदार जिल्हा परिषद किंवा महानगर प्राधिकरण होऊ शकेल का, हे तिथल्या जाणकारांनी सांगावे. इकडचे सांगायचे तर शल्यगृह यांच्या सूचनेवरून मी आमच्या शहराला एक पत्र लिहितो आहे: आमच्या हद्दीतून गेलेल्या प्राण्यांपैकी किती त्याच दिवशी घरी गेले आणि किती मुदतीनंतर तिथेच राहिले, एवढीच माहिती मागतो आहे. उत्तर आले की या धाग्यावर टाकीन. परवाना मात्र काल भरला.